एका शब्दाचे भाषांतर

कुंभकोणच्या पूर्वेस सहा-सात किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. दोन देवळांमुळे ते सर्वांस ठाऊक असते. एक नागनाथस्वामींचे, तेथे राहूच्या मूर्तीवरून ओघळणारे अभिषेकाचे दूध निळसर दिसते, अशी श्रद्धा असल्यामुळे राहुकाळी दूरदूरचे लोक येतात. दुसरे ओप्पिलियप्पनचे, म्हणजे विष्णूचे; तेथील नैवेद्यात मीठ नसते. माझे या गावाशी असलेले नाते मात्र यांपैकी कोणत्याही देवळामुळे जडलेले नाही. माझी आत्या तेथे राहते.

व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि १८५५ पर्यंत त्या गादीवर भोसल्यांचा वंश राहिला. त्या पावणेदोनशे वर्षांत जी मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थिरावली, त्यांपैकी आमचे एक. माझे वडील नोकरीसाठी मुंबईस आले आणि तेथलेच झाले. त्यांची धाकटी बहीण तिरुनागेश्वरम् येथे दिली गेली आणि तेथलीच झाली. तिच्या घरी डांगर पचडी होते, वांगीभात होतो, आणि त्याच ताटात रसमही असते. तिची मराठी आम्हा मुंबईकरांच्या कानांना जुनी वाटते. शब्द आमचे, पण वाक्याचा हेल तमिळचा. मी जन्मभर मराठी शिकविली. परंतु लहानपणी तिच्याकडे सुटीत गेलो असताना ती मला ‘तुझी मराठी कोणत्या गावची?’ असे विचारी, आणि मला हसू येई. पुढे लक्षात आले की तो प्रश्न थट्टेचा नव्हता.

निवृत्तीनंतर मी वर्षातील काही महिने तिच्याकडे राहू लागलो. निमित्त सरस्वती महालातील मोडी कागदांचे. आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडीने तंजावरला जावे, कागद वाचावेत, संध्याकाळी परतावे, आणि आत्याच्या हातची कॉफी घ्यावी, असा क्रम होता. तो २०२२ च्या जूनमध्ये एका पहाटे मोडला. आत्याला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूस रक्त पोहोचेनासे झाले, त्यामुळे उजवा हात व उजवा पाय गेला, आणि त्यांच्याबरोबर बोलणेही.

बारा दिवस ती शहरातील एका रुग्णालयात होती. प्राण वाचले. शेवटच्या दोन दिवसांत एका बाजूने आधार दिला असता ती रुग्णालयाच्या लांब, गुळगुळीत ओवरीतून वीस-पंचवीस पावले चालली देखील. आम्ही आनंदाने तिला घरी आणले. आणि घराच्या पहिल्याच उंबरठ्यापाशी ती उभी राहिली ती राहिलीच. पाय उचलेना. तेव्हा मला प्रथमच कळले की रुग्णालयात उंबरठा नसतो.

ज्यांनी त्या भागातील जुनी अग्रहारातील घरे पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. रस्त्यालगत ओटा, म्हणजे तिण्णै. मग अरुंद बोळासारखी रेळी. मग कूडम्, त्याला लागून मुट्रम् म्हणजे उघडा चौक. पुढे स्वयंपाकघर, आणि सर्वांत शेवटी कोल्लै, म्हणजे परसू, तेथे विहीर आणि मोरी. घर रुंदीला लहान आणि लांबीला आगगाडीसारखे. आत्याच्या घरात दारापासून मोरीपर्यंत पाच उंबरठे आहेत. साठ वर्षे ती दिवसातून शंभर वेळा ते ओलांडीत आली होती, आणि ते आहेत हे तिला किंवा मला कधी जाणवलेही नव्हते.

पहिला महिना मी सेवा केली. हा शब्द मी मुद्दाम वापरीत आहे. कारण त्या महिन्यात मी जे केले त्याला मी मनातल्या मनात हेच नाव दिले होते. मी तिला भरवीत असे. केस विंचरायला स्वयंपाकाला मदत करणारी बाई होती. पाणी पाजणे, पांघरूण सारखे करणे, वर्तमानपत्र वाचून दाखविणे माझ्याकडे होते. मोरीकडे तिला नेताना एका बाजूला ती बाई आणि दुसऱ्या बाजूला मी असे. चौकाच्या पलीकडे जाऊन मी पाठ फिरवून उभा राही. आत्या तेव्हा डोळे मिटून घेई. मला वाटे, तिला थकवा आला आहे.

शासनाच्या योजनेतून एक स्वयंसेविका महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून गोळ्या देऊन जात असे. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेली ही योजना. तिच्या नावाचा अर्थच ‘लोकांच्या शोधात आलेले वैद्यक’ असा आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन भौतिकोपचार व परिहार-शुश्रूषा देण्याची तरतूदही तिच्यात आहे. त्या स्वयंसेविकेनेच सांगितले की कुंभकोणात एक बाई आहेत, त्या भौतिकोपचाराच्या नव्हेत, पण तसलेच काही करतात. स्कूटरवरून घरोघर जातात. त्यांना एकदा बोलवा.

त्या आल्या. वय पस्तिशीचे. मी त्यांचा व्यवसाय विचारला तेव्हा त्यांनी तमिळमध्ये ‘सेयल्मुरै मरुत्तुवम्’ असे सांगितले. सेयल् म्हणजे कृती. मराठीत आपण या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतो. आजच्या वाचकाला ‘व्यवसाय’ म्हटले की दुकान किंवा पगार आठवतो. परंतु गीतेत हा शब्द बुद्धीच्या निश्चयासाठी आला आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. तमिळ शब्दात कृती आहे, संस्कृत शब्दात निश्चय आहे. दोन्ही मिळून जे होते तेच या विद्येचे काम, असे आता मला म्हणावेसे वाटते. त्या दिवशी मात्र मी इतकेच पाहिले की त्यांच्या पिशवीत एकही यंत्र नव्हते. दोरी, कपडे वाळत घालण्याचे चिमटे, स्पंजाचे तुकडे, थोडी जुनी नाणी, खडू, आणि मोजण्याची फीत. त्यांनी प्रथम आत्याची नाडी पाहिली नाही. त्यांनी उंबरठे मोजले. सर्वांत उंच निघाला तो आठ इंचांचा, परसाकडचा.

मग त्या आत्याच्या खाटेजवळ खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘पाट्टी, तुम्हांला काय करावयाचे आहे?’

एक महिन्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कोठे दुखते, झोप लागली का, जेवण झाले का, हे सर्वांनी विचारले होते. आत्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि मग त्या महिन्यातील पहिला स्पष्ट शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला; तो तमिळ नव्हता, मराठी होता. ती म्हणाली, ‘एकटी.’

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. भाषांतर करणे हे माझे काम. मी क्षणभरही विचार न करता सांगितले : ‘तनिमै.’ एकाकीपणा. आत्या विधवा, एकुलता मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, अमेरिकेत, घर मोठे, तिला एकटे वाटते आहे. सारे इतके उघड होते. माझे डोळेही भरून आले. त्या बाई हळुवारपणे म्हणाल्या की आम्ही सगळे आहोत ना, पाट्टी, शेजारी येत जातील. त्याबरोबर आत्याने डाव्या हाताने खाटेच्या कडेवर थाप मारली. चेहरा रागाने लाल झाला. ‘एकटी,’ ती पुन्हा म्हणाली, आणि त्याच डाव्या हाताने तिने घराच्या मागच्या बाजूकडे बोट केले, पाच उंबरठ्यांपलीकडे, मोरीकडे.

‘तनिमै’ नव्हे, ‘तनिया’. मला कोणी सोबत हवे, असे ती म्हणत नव्हती. मला सोबत नको, असे ती म्हणत होती. मोरीपर्यंत मला एकटीने जावयाचे आहे, भाच्याने पाठ फिरवून तेथे उभे राहावयाचे नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. ती डोळे का मिटून घेई, ते त्या क्षणी मला कळले.

मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे की शब्दाचा अर्थ वाक्यात असतो, आणि वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या परिस्थितीत. माझ्या स्वतःच्या घरात एका शब्दाच्या वाक्याचे भाषांतर करावयाची वेळ आली तेव्हा मी बोलणारीची परिस्थिती सोडून माझीच परिस्थिती वाचली. मनातील अपराधाची भावना मी तिच्या तोंडी घातली. भाषांतरकाराकडून होणारी ही चूक नवी नाही. पण तिची किंमत सहसा कागदाला द्यावी लागते, माणसाला नव्हे.

येथे या विद्येचा थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे, कारण त्याचा एक धागा मराठी आहे. अमेरिकेत १९१७ साली या व्यवसायाची पहिली संघटना स्थापन झाली. महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांना हाताला काम देऊन पुन्हा उभे करण्याच्या प्रयत्नांनी तिला बळ मिळाले. भारतात हे शिक्षण आले ते मुंबईत. अमेरिकेत क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहानंतर कमला निंबकर झाल्या, आणि त्यांनी १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्य-देशांत भारताचे नाव होते. माझे बालपण परळला त्या रुग्णालयाच्या जवळपास गेले. त्या इमारतीत एक परदेशी जन्माची मराठी बाई लोकांना पुन्हा बटण लावावयास शिकवीत आहे, हे मला त्या काळी कोणी सांगितले असते तरी मी त्यात विद्या पाहिली नसती. आत्याकडे येणाऱ्या बाईंना ज्यांनी शिकविले त्यांच्यापैकी एक शिक्षिका मुंबईत शिकलेल्या होत्या. म्हणजे परळहून निघालेली ती गोष्ट सत्तर वर्षांनी कावेरीकाठच्या आमच्या घरी पोहोचली होती, आणि तिने आपला मराठी धागा वाटेत कोठेतरी सोडून दिलेला होता.

रुग्णालयातून घराकडे जाण्याचा प्रवासही याच काळातला. अल्मा-आता येथे १९७८ मध्ये प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा निघाला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने अपंगांच्या पुनर्वसनाचे काम गावात, कुटुंबाच्या हातून व्हावे हा विचार पुढे नेला, आणि १९८९ मध्ये त्यासाठी एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. याच तमिळनाडूत, तेंकाशीजवळच्या आयिकुडी गावी, सैन्यभरतीच्या चाचणीत मानेखाली पूर्ण लुळे झालेले एस. रामकृष्णन् यांनी १९८१ मध्ये ‘अमर सेवा संगम’ची स्थापना केली, आज तेथील कार्यकर्ते गावोगावच्या घरी जाऊन मुलांना लहानपणीच मदत देतात. २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आणि २०२१ चा संलग्न आरोग्यव्यवसायांचा कायदा हे त्यापुढचे टप्पे. कायद्यात या व्यवसायाचे नाव आले. कुंभकोणच्या रस्त्यावर मात्र लोक अद्याप त्या बाईंना ‘फिजिओ’ म्हणूनच हाक मारतात, आणि त्याही आता दुरुस्ती करीत नाहीत.

उंबरठ्याचा प्रश्न मला वाटला तितका सोपा नव्हता. शास्त्र असे सांगते की वर चढताना बळकट पाय आधी टाकावा आणि उतरताना दुबळा. आत्याचा बळकट पाय डावा. डावा पाय पुढे टाकून ती उंबरठा ओलांडीना. साठ वर्षांपूर्वी उजव्या पावलाने ती या घरात आली होती. आता डाव्या पावलाने ती घरातल्या घरातही जाणार नव्हती. मी तिला समजावू लागलो. त्या बाईंनी मला थांबविले. त्या सुताराकडे गेल्या आणि प्रत्येक उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच उंचीच्या लाकडी फळ्या बसवून घेतल्या. बाजूच्या भिंतीत पितळी कड्या ठोकून त्यांतून जाड दोर ओवला. उंची निम्मी झाली, आणि दोराला धरून उजवा पायही आधी पडू शकला. ‘सार,’ त्या मला म्हणाल्या, ‘पाट्टींची समजूत बदलण्यापेक्षा फळी बसविणे स्वस्त पडते.’

हातांचेही तसेच. डाव्या हाताने जेवणे आत्याला मान्य नव्हते, म्हणूनच मी भरवीत होतो. बाईंनी चमच्याच्या दांड्याभोवती स्पंज गुंडाळून तो जाड केला, उजव्या कोपराखाली एक लहान पाट ठेवला, आणि मला कूडमच्या दुसऱ्या टोकाला बसावयास सांगितले. पहिल्या दिवशी अर्धा दहीभात पदरावर गेला. मी उठलो. ‘बसा,’ त्या म्हणाल्या. पुढे जे बोलल्या ते मी विसरू शकत नाही. ‘तुम्ही एक महिना त्यांना भरविले. तुमचा हात चांगला झाला. त्यांचा झाला नाही.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. सेवा म्हणून मी जे केले त्यातील निदान काही भाग मी माझ्यासाठी करीत होतो, आणि त्याच्या बदल्यात तिचा हात घेत होतो.

दुसरी चूक माझ्या विद्येतून आली. द्विभाषिकाची वाचा गेली असता कोणती भाषा आधी परतते, यावर फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाद झाला होता. रिबो यांचे म्हणणे, जी आधी शिकली ती. पित्र यांचे म्हणणे, जी अधिक वापरात होती ती. मला हे वाचून ठाऊक होते, आणि माझ्यासमोर एक जिवंत उदाहरण होते. मी वही केली. रोज सकाळी मी आत्यासमोर वस्तू धरी, पेला, वात, किसणी, आणि विचारी, ‘हे काय?’ मराठी शब्द आला तर एका स्तंभात, तमिळ आला तर दुसऱ्या. चार-पाच दिवसांत आत्याने तोंड मिटले. वही पाहून बाई म्हणाल्या, ‘तुम्ही त्यांची परीक्षा घेता. वस्तूचे नाव विचारू नका. ती वस्तू हातात द्या, आणि काम असू द्या.’

काम दिले. कापसाच्या वाती वळणे, विड्याची पाने ओल्या फडक्याने पुसून देठ खुडणे, शेंगा सोलणे, पितळी समई चिंचेने घासणे. हे सारे ती अर्ध्या हाताने, पुष्कळदा एकाच हाताने करी, आणि दुसरा हात वस्तू दाबून धरण्यापुरता कामी येई. आणि काम करता करता शब्द येऊ लागले. कोणी न मागता. देठ खुडताना तिने एकदा पान कोवळे नाही म्हणून विकणाऱ्यास तमिळमध्ये शिवी दिली. वाती वळताना मराठीत माझ्या आजीचे नाव घेतले. जी वस्तू बाजारातून येई तिची भाषा तमिळ. जी घरातच होई तिची मराठी. रिबोही खरे नव्हेत आणि पित्रही नव्हेत, निदान या घरात तरी. शब्द मेंदूत जसा असतो तसा हातातही असावा. निदान आत्याचे काही शब्द हातामार्गेच परत आले. वहीतील स्तंभ मी पुढे भरले नाहीत.

आतेभावाचा दूरध्वनी दर रविवारी येई. तो वाईट नाही, दूर आहे. कोइमतूरकडे वृद्धांसाठी चांगली निवासस्थाने झाली आहेत. तेथे परिचारिका आहेत, सपाट जमीन आहे, घंटा दाबली की माणूस येते. घर विकून आईला तेथे ठेवावे, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यातील काळजी खरी होती. मला त्याला उत्तर देता येईना. कारण तिला काय येत नाही याचीच यादी माझ्याजवळ होती. नोव्हेंबरमध्ये बाईंनी आपला अहवाल लिहिला. सरस्वती महालात सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, डोळ्यांच्या चित्रांसह. रोग कोणता आणि उपाय कोणता हे त्यांवरून कळते, रोगी दिवसभर काय करीत असे ते कळत नाही. आजवर जे कागद मी वाचले त्यांच्याहून हा अहवाल वेगळा होता. त्यात लिहिले होते : खाटेवरून एकटी उठते. दोर धरून मोरीपर्यंत एकटी जाते, दिवसा. रात्री दिवा लागतो. चमच्याने एकटी जेवते. कॉफीचा पेला डाव्या हाताने उचलते, वाटी उजव्या हाताने धरते. विस्तवाजवळ दुसऱ्याने असावे. ‘तनिया’ हा शब्द त्या एका पानावर तीनदा आला होता. मी त्या पानाचे इंग्रजी भाषांतर केले, या वेळी शब्द नीट तपासून, आणि आतेभावाला पाठविले. त्याने घर विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

सर्व परतले असे नाही. उजव्या अंगठ्याची व तर्जनीची चिमूट सहाव्या महिन्यात जुळली, पण कोलम काढताना तांदळाचे पीठ जसे सुटावे लागते तसे ते सुटत नाही. चिमूट आवळते किंवा एकदम मोकळी होते. ती डाव्या हाताने उजवे मनगट धरून काढते. ठिपके सरळ येत नाहीत, रेघ तुटते. पूर्वी पहाटे दारात काढी; आता दुपारी, लोक झोपलेले असताना, ओट्यावर काढते. बोलण्यातही पुष्कळ जागी ती थांबते आणि शब्द न सापडल्यास हात हलवून सोडून देते.

ओप्पिलियप्पनच्या नैवेद्यात मीठ का नाही, याची कथा तेथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मार्कंडेय ऋषींच्या मुलीला मागणी घालावयास वृद्धाच्या रूपात देव आला. ऋषी म्हणाले, मुलगी लहान आहे, तिला स्वयंपाकात मीठ घालणेही समजत नाही. देव म्हणाला, मी तिच्या हातचे अळणीच जेवीन. नामाविषयी विद्वानांचे म्हणणे वेगळे आहे : नम्माळ्वारांच्या रचनेत देवाला ‘ओप्पिल्’, म्हणजे तुलना नसलेला, असे म्हटले आहे, आणि लोकांनी त्यात ‘उप्पु’, म्हणजे मीठ, ऐकले. व्युत्पत्ती म्हणून लोकांचे ऐकणे चुकीचे असेल. परंतु दर महिन्याला श्रवण नक्षत्राच्या दिवशी आत्या अळणी जेवण करते. आणि आजारानंतर त्या दिवशीचा भात तिने प्रथम स्वतः शिजविला, बाईंच्या अहवालाप्रमाणे विस्तवाजवळ मदतनीस उभी असताना, तेव्हा भात काहीसा कच्चा राहिला होता. आम्ही तो खाल्ला. ती माझ्याकडे पाहत होती. मला त्या कथेतील देवाच्या बाजूचे काम प्रथमच समजले, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

बाई २०२४ च्या उन्हाळ्यात परदेशी गेल्या. तेथील एका रुग्णालयात त्यांना जागा मिळाली. जाण्यापूर्वी त्या तिण्णैवर बसून बराच वेळ बोलल्या. साडेचार वर्षांचे शिक्षण. प्रथम मोठ्या शहरात रुग्णालयाची नोकरी. आईच्या आजारपणामुळे कुंभकोणला परत. आणि मग ही घरोघर हिंडण्याची वर्षे. रोज सात-आठ घरे. तिरुभुवनमचा एक रेशीम विणकर, ज्याचा हात थरथरू लागला होता आणि ज्याच्या मागाची पावडी त्यांनी बदलून घेतली. एक मूल, ज्याला शाळेच्या बाकावर बसता येत नव्हते. ‘काम मला आवडते,’ त्या म्हणाल्या. ‘पण लोक यंत्राला पैसे देतात. वाती वळावयास लावल्या, त्याचे पैसे कसले, असे विचारतात. पावसात तीन घरे चुकली की त्या आठवड्यात पेट्रोलच निघते. लहान गावात आमच्यासाठी जागाच मंजूर झालेल्या नाहीत. माझी मुलगी मोठी होते आहे.’ मी काही उत्तर दिले नाही. ज्या समाजात भाच्याची सेवा पुण्य ठरते आणि हात परत देणारीचे कौशल्य फुकट ठरते, त्या समाजाचा मीही एक सभासद आहे; आणि पहिल्या महिन्यात त्यांना फी देताना माझ्याही मनात तोच प्रश्न येऊन गेला होता.

एक गोष्ट त्या मागे ठेवून गेल्या. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला त्यांनी वर्षभर जवळ बसवून सर्व दाखविले होते. फळी कोठे, दोर किती उंच, घाई केव्हा करावयाची नाही. त्या बाईच्या सासऱ्याला गेल्या वर्षी असाच झटका आला. तिने कोणाला विचारले नाही. सुताराकडे जाऊन चार इंचांच्या फळ्या मागितल्या. जवळच्या दोन घरांत आता तशा फळ्या आहेत. १९८९ च्या त्या हस्तपुस्तिकेत हेच अपेक्षित होते. पण त्यासाठी आधी कोणीतरी शिकलेले माणूस गावात असावे लागते, आणि ते गावात राहील इतके त्याचे पोट भरावे लागते.

बाई गेल्याचे मी आत्याला दुसऱ्या दिवशी सांगितले. ती तिण्णैवर वाती वळीत होती. विमानाने गेल्या, लांब गेल्या, मुलगी नंतर जाणार आहे, असे सांगितले. तिने हात थांबविला.

‘एकटी?’ तिने विचारले.

शब्द तोच. या वेळी त्यात कोणता अर्थ होता, ते मी तिला विचारले नाही. भाषांतरही केले नाही. मी ‘हो’ म्हटले. तिने मान हलविली, आणि डाव्या हाताने कापूस दाबून धरून उजव्या हाताने पुढची वात वळू लागली.